स्पोर्ट्स कारचे ब्रेक

स्पोर्ट्स कारचे ब्रेक म्हणजे अतिवेगवान मोटारीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलून तिचा वेग कमी करणारी यंत्रणा होय. अशा मोटारी बहुधा मागणीनुसार बनवल्या जातात. नोंदणी करतानाच ग्राहकाला चकतीचा प्रकार, चाकांचा व्यास, टायर, निलंबनसंस्था इत्यादी पर्याय निवडावे लागतात. ब्रेकचा पर्याय त्यांतील सर्वांत खर्चिक पर्यायांपैकी एक असतो. तो पुढे बदलणे अवघड असते, आणि त्याच्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. ब्रेकची योग्यता मोटारीच्या किमतीवर ठरत नाही. ती ज्या रस्त्यावर चालणार तो रस्ता ती ठरवतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके या दृष्टीने उत्तम उदाहरण आहेत. शहापूरमधून कसारा घाट आणि समृद्धी महामार्ग जातो, तर मुरबाडमधून माळशेज घाट. म्हणून या लेखात तेथील रस्त्यांचा आधार घेतला आहे.

ऊर्जा आणि उष्णता

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,६०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिच्यात सुमारे ६.२ लाख जूल ऊर्जा असते. वेग दुप्पट केला की ही ऊर्जा चौपट, म्हणजे जवळजवळ २५ लाख जूल होते. चारही चकत्यांचे मिळून वजन ४० किलोग्रॅम धरले आणि सर्व उष्णता त्यांतच राहिली असे मानले, तर ताशी १०० किलोमीटरवरून एकदा थांबताना बिडाच्या चकत्यांचे सरासरी तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअसने वाढते. ताशी २०० किलोमीटरवरून थांबताना ते सुमारे १३५ अंशांनी वाढते. प्रत्यक्षात पुढच्या चाकांवर अधिक भार येत असल्याने पुढच्या चकत्या याहून जास्त तापतात.

येथे एक मुद्दा नीट लक्षात घेतला पाहिजे. एका वेळच्या थांबण्याचे अंतर मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर अवलंबून असते. चाक जागीच रोखून धरण्याइतकी शक्ती आजच्या कोणत्याही सुस्थितीतील ब्रेकमध्ये असते. त्यापुढे टायर घसरतो, आणि तो घसरू नये यासाठी एबीएस ही यंत्रणा दाब कमी-जास्त करते. त्यामुळे महाग ब्रेक घेतले म्हणून पहिल्याच वेळी मोटार अर्ध्या अंतरात थांबेल ही अपेक्षा चुकीची आहे. महाग ब्रेकचा गुण दहाव्या किंवा पंधराव्या वेळी दिसतो, कारण तेव्हा साधे ब्रेक तापून मंदावलेले असतात.

इतिहास

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने १९०२ मध्ये चकती ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या रचनेत तांब्याचे अस्तर होते. ते फार कर्कश आवाज करी आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे. पुढील पन्नास वर्षे मोटारींवर ड्रम ब्रेकचेच राज्य होते. १९५३ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉप चकती ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने विजय मिळवला, तेव्हा चित्र पालटले. त्या मार्गावर सुमारे सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता आणि त्याच्या शेवटी काटकोनी वळण. चकती उघड्यावर असल्याने वाऱ्याने थंड होई, त्यामुळे जॅग्वारचे चालक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत. १९५५ च्या सित्रोएन डीएस या घरगुती वापराच्या मोटारीतही पुढच्या चाकांना चकती ब्रेक आले.

कार्बनचे ब्रेक प्रथम विमानांत रुळले. कॉंकॉर्ड विमानाला ते होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते फॉर्म्युला वन शर्यतींत आले. मात्र शुद्ध कार्बनची चकती थंड असताना नीट पकडत नाही, म्हणून ती रस्त्यावरच्या मोटारीला निरुपयोगी ठरते. २००१ मध्ये पोर्शे कंपनीने ९११ जीटी२ या मोटारीला कार्बन-सिरॅमिक चकत्या कारखान्यातूनच बसवून दिल्या. त्यानंतर इतर कंपन्यांनीही हा पर्याय देण्यास सुरुवात केली.

भारतात स्पोर्ट्स कार बनवण्याचे प्रयत्न थोडेच झाले. त्यांतील दोन मराठी वाचकांना जवळचे आहेत. गोव्यातील सॅन मोटर्सने बनवलेली सॅन स्टॉर्म ही छोटी, दोन आसनी, उघड्या टपाची मोटार होती. दुसरी डीसी अवंती. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने ती २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडली. बाकी बहुतेक मोटारी आयात होतात. त्यांतील निवडलेल्या पर्यायांची किंमतही मोटारीच्या मूल्यात धरली जात असल्याने तिच्यावरही सीमाशुल्क आणि नंतर राज्याचा मोटार कर पडतो. परदेशी किंमतपत्रक पाहून केलेला हिशेब म्हणूनच इथे हमखास चुकतो.

चकत्यांचे प्रकार

बिडाची चकती सर्वाधिक प्रचलित आहे. स्पोर्ट्स कारमध्ये ती आतून पोकळ, वारा खेळता राहील अशी असते. तिला भोके पाडलेली किंवा चरे कोरलेली असतात. बीड स्वस्त असते, थंड असतानाही चांगले पकडते आणि खराब झाल्यास सहज बदलता येते. मात्र ते जड असते आणि पावसाळ्यात एक रात्र उभ्या राहिलेल्या मोटारीच्या चकतीवर तांबूस गंज दिसतो. तो दोन-चार वेळा ब्रेक दाबताच निघून जातो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही.

कार्बन-सिरॅमिक चकती कार्बनचे तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड यांची असते. साच्यात घातलेला तंतू-राळेचा गोळा हवाबंद भट्टीत तापवतात आणि मग त्यात वितळलेले सिलिकॉन मुरवतात. अशी चकती त्याच मापाच्या बिडाच्या चकतीच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते. ती गंजत नाही, काळी भुकटी फारशी सोडत नाही आणि बीड जिथे हार मानते त्या तापमानालाही टिकते. चाकाकडचे, म्हणजे स्प्रिंगखालचे, वजन कमी झाल्याने मोटार खडबडीत रस्त्यावर अधिक चपळ वाटते. तिचे दोषही तितकेच ठळक आहेत. चाक काढताना निष्काळजीपणे धक्का लागला तर तिची कड टवकते, आणि मग ती घासून दुरुस्त होत नाही. नवीन चकतीला लाखो रुपये पडतात. ओली असताना पहिल्या दाबाला तिचा प्रतिसाद किंचित उशिरा येऊ शकतो. शिवाय तिचा व्यास मोठा असल्याने तिला मोठी चाके व पातळ कडांचे टायर घ्यावे लागतात. आपल्याकडील खड्ड्यांत असे टायर फुटण्याची आणि रिम वाकण्याची शक्यता वाढते.

या दोहोंमधला एक पर्याय म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर दिलेली बिडाची चकती. पोर्शेने २०१७ मध्ये केयेन मोटारीसोबत तो आणला. ही चकती आरशासारखी चमकते आणि फार कमी झिजते. पोर्शेच्या प्रथेप्रमाणे कार्बन-सिरॅमिकचे कॅलिपर पिवळे, थर दिलेल्या चकतीचे पांढरे आणि उच्च श्रेणीतील बिडाच्या चकतीचे बहुधा लाल असतात. रंगासाठी ब्रेक घेणारेही लोक असतात. त्यांना रंगवलेले कॅलिपर पुरेसे आहेत.

कसारा, माळशेज आणि समृद्धी महामार्ग

मुंबई–आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा जातो. कसारा ते इगतपुरी या टप्प्यात तो सुमारे ३०० मीटर उंची गाठतो. हाच थळ घाट. येथील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याचा तीव्रतम चढ ३७ स अंतरास १ इतका आहे, म्हणून गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून चढावर नेण्यासाठी रेल्वेने घाटात बाजूचे रूळही टाकले होते. घाट उतरणे हे चढण्यापेक्षा कठीण, हे त्या काळच्या अभियंत्यांनाही ठाऊक होते. बैलगाडीच्या काळापासून चाकाखाली लावली जाणारी उटी आजही ट्रकच्या केबिनमध्ये असते, ती त्याचीच खूण.

१,६०० किलोग्रॅमची मोटार ३०० मीटर उतरताना सुमारे ४७ लाख जूल स्थितिज ऊर्जा गमावते. ताशी १०० किलोमीटरवरून सात-आठ वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. ती काही मिनिटांत विभागली जाते आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन तिचा मोठा वाटा शोषून घेते. त्यामुळे स्पोर्ट्स कारच्या साध्या बिडाच्या ब्रेकलाही हा घाट जड नाही. ४० टनांच्या मालमोटारीला मात्र हाच उतार उतरताना सुमारे ११ कोटी ७६ लाख जूल ऊर्जा विसर्जित करावी लागते, म्हणजे पंचवीस पट. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की हा सर्व भार लायनरवर येतो. कसारा घाटात ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात वारंवार घडतात, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. स्पोर्ट्स कारच्या चालकाला येथे खरा धोका आपल्या ब्रेकचा नसून मागून येणाऱ्याच्या ब्रेकचा असतो. अचानक वेग घटवून कमी अंतरात थांबणारी मोटार मागच्या ट्रकला थांबण्यास जागा ठेवत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांचा जुना नियम शक्तिशाली मोटारीलाही लागू आहे.

मुरबाड तालुक्यातील माळशेज घाटाचा प्रश्न निराळा आहे. कल्याण–मुरबाड–अहिल्यानगर हा राष्ट्रीय महामार्ग ६१ (पूर्वीचा २२२) या घाटाने जुन्नर तालुक्यात चढतो. घाटमाथा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. मुरबाडला रेल्वे नसल्याने प्रवासी, माल आणि पर्यटक सर्वांचा भार याच रस्त्यावर असतो. पावसाळ्यात येथे दाट धुके, कड्यावरून थेट रस्त्यावर येणारे पाणी, दरडी, आणि धबधब्यापाशी रस्त्यातच उभी केलेली वाहने असतात. इथे चकती तापण्याची वेळच येत नाही, ती गारठलेली आणि ओली असते. अशा ठिकाणी निर्णायक ठरतो तो टायर. रेसिंगसाठीचे, कमी खाचांचे अर्धगुळगुळीत टायर पर्यायांच्या यादीत मोहक दिसतात, पण साचलेल्या पाण्यावर ते तरंगू लागतात. तरंगणाऱ्या टायरपुढे कोणतीही चकती हतबल आहे.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग शहापूर तालुक्यातून जातो. इगतपुरीजवळ त्यावर सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाटाची वळणे टळतात. मोटारींसाठी येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने मोटार एका सेकंदात ३३ मीटर जाते. चालकाला भान यायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावरही पूर्ण थांबेपर्यंत साधारण १०० मीटर लागतात. वेगमर्यादा पाळणाऱ्या मोटारीला या मार्गावर कार्बन-सिरॅमिकची उष्णता सोसण्याची क्षमता कधीच वापरावी लागणार नाही. तिची जागा बंदिस्त शर्यतमार्ग ही आहे. चेन्नईजवळचा किंवा ग्रेटर नोएडाचा मार्ग नियमित गाठणाऱ्यासाठी तो खर्च समर्थनीय ठरतो.

ब्रेक ऑइल

चकतीच्या चर्चेत हा विषय नेहमी मागे पडतो. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारे ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रतींचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना अनुक्रमे २०५, २३० आणि २६० अंश, तर ओलावा मुरल्यावर १४०, १५५ आणि १८० अंश ठरवलेला आहे. द्रव उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. पॅड तापून मंदावले तर पेडल कडक राहते, पण मोटार थांबत नाही. या दोन लक्षणांतील फरक चालकाला ठाऊक असावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत, जिथे पावसाचे चार महिने ओलाव्याचेच असतात, ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांत, बदलणे अनिवार्य आहे. मोटार कमी चालली म्हणून ही मुदत वाढत नाही. आठवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या मोटारींत नेमकी हीच हयगय होते.

इतर पर्याय

गावांतील गतिरोधक ओलांडताना बुटक्या मोटारीचा पुढचा भाग घासतो. त्यासाठी पुढचा आस काही सेंटीमीटर उचलण्याची सोय अनेक कंपन्या देतात. मुरबाड–कल्याणसारख्या रस्त्यावर ती सिरॅमिक ब्रेकपेक्षा कितीतरी उपयुक्त आहे. उपलब्ध असतील ती सर्वांत लहान व्यासाची चाके घेणे हितावह, कारण टायरची कड जाड मिळते. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये जादा चाक नसते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत रोजचा बराचसा वेग मोटरच कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. तथापि घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून उतरायला सुरुवात केल्यास ती ऊर्जा साठवायला जागा उरत नाही आणि भार पुन्हा घर्षण ब्रेकवर येतो.

कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकविषयी आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात हीच भूमिका घेतली. झिजलेले पॅड किंवा चकती त्याच दर्जाची बसवणे ही देखभाल होय. संपूर्ण संच बाहेरून बदलून घेतल्यास मात्र कायद्याचा प्रश्न उद्भवू शकतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. यामुळेच ब्रेकचा निर्णय मोटारीची मागणी नोंदवण्यापूर्वी, लेखी तपशील पाहून घ्यावा लागतो.