मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्मग्राम व त्यांतील गृहस्थमंडळे

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा पुण्याच्या सार्वजनिक सभेपासून आरंभ करतात. १८७० साली ती सभा निघाली, १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, पुढे वाचनालये, उत्सवमंडळे व सहकारी पतपेढ्या निघाल्या. आणि सभा भरविणे, इतिवृत्त लिहिणे, वर्गणी जमविणे व तिचा हिशेब चारचौघांपुढे मांडणे या सवयी आपल्या लोकांस हळूहळू जडल्या, अशी ही मांडणी असते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. कोकणपट्टीतील एका लहान समाजात या सवयी सार्वजनिक सभेच्या पूर्वी दोनअडीचशे वर्षे चालत आल्या होत्या. तो समाज म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा, आणि त्या सवयींचे घर म्हणजे देवळाच्या आश्रयाने चालणारी गृहस्थांची मंडळे.

आज या मंडळांकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे कारण नांदेड-लातूरकडील लहान शहरांत आहे. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे पावणेअकरा लाख, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी भरली. मराठवाड्याच्या या पूर्वभागात तर हे प्रमाण त्याहून कितीतरी कमी आहे. अशा ठिकाणी एक देऊळ, त्याच्या शेजारी बहुधा एक शाळा, एकदोन धर्मगुरू, काही धर्मभगिनी व दूरदूरच्या वस्त्यांत विखुरलेली थोडी कुटुंबे, एवढ्यास कॅथलिक परिभाषेत ‘धर्मग्राम’ म्हणतात. धर्मगुरू काही वर्षांनी बदलून जातो. मग धर्मग्राम टिकवितो कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम समुद्रकिनाऱ्याकडे वळले पाहिजे.

गोवा व वसई या प्रांतांत पोर्तुगीजांनी ज्या संस्था आणल्या, त्यांत ‘कोंफ्रारिया’ ही एक होती. कोंफ्रारिया म्हणजे बंधुमंडळ. पोर्तुगालात १४९८ साली राणी लेओनोर हिच्या आश्रयाखाली ‘मिझेरिकोर्दिया’ नावाचे दयाधर्माचे मंडळ लिस्बन येथे स्थापन झाले. रोग्यांची शुश्रूषा, कैद्यांस अन्न, बेवारशी प्रेतांचा अंत्यविधी ही त्याची कामे. त्याच्या शाखा लवकरच गोव्यात व वसईत निघाल्या. गावोगावच्या देवळांत याच धर्तीवर लहान बंधुमंडळे उभी राहिली. प्रत्येकाचा एक अध्यक्ष, एक लेखनिक, एक कोषाध्यक्ष व एक कारभारी असे. सभासदांनी सणाच्या मिरवणुकीत तांबडा किंवा निळा झगा अंगावर घ्यावा, देवळाच्या दिव्यांचा व मेणबत्त्यांचा खर्च चालवावा, सणाचा भार वाहावा आणि कोणी सभासद मेला तर सर्वांनी त्याच्या प्रेताबरोबर चालावे, असा नियम. ज्या समाजात मरणाचे वेळी चार खांदे मिळण्याचीही विवंचना असते, त्यात या शेवटच्या नियमाचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

तथापि या मंडळांचे गुण गाताना त्यांचा मोठा दोष झाकणे योग्य होणार नाही. धर्म बदलला, पण जात मागे राहिली नाही. गोव्यातील कित्येक गावांत मुख्य बंधुमंडळाचे सभासदत्व गावकर घराण्यांच्या वंशपरंपरेने चाले. इतरांनी निराळे मंडळ काढावे व निराळ्या रंगाचा झगा घालावा. वेदीपुढे सर्व समान आणि मिरवणुकीत मात्र क्रमांक ठरलेला, हा विसंवाद शतकानुशतके चालला व त्याचे तंटे अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत राहिले.

या मंडळांची खरी कसोटी १७३९ साली लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले, आणि देवळांना राजाश्रयाने मिळणारे उत्पन्न बंद झाले. जे ख्रिस्ती रयत म्हणून मागे राहिले त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मराठी राज्यात मिळाली. इ. स. १७६० च्या सुमारास आंकेतिय द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे पाळत असल्याचे त्याने पाहिले. परंतु मोकळीक असणे निराळे व धर्म चालविणे निराळे. गोव्याकडील मोजके देशी धर्मगुरू येऊन जाऊन असत. दिव्यात तेल घालणे, छप्पर शाकारणे, सण पार पाडणे हे सर्व गावच्या शेतकऱ्यांवर व कोळ्यांवर येऊन पडले. त्यांनी ते पार पाडले म्हणूनच आज वसईस ख्रिस्ती समाज आहे. सत्ता धर्माच्या पाठीशी असताना देवळे बांधली गेली. सत्ता गेल्यावर ती ज्यांनी उभी ठेवली, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

या संघटनशक्तीने पुढे ऐहिक क्षेत्रातही आपले फळ दाखविले. वसईचा ख्रिस्ती बागाईतदार केळी, पानवेली व भाजीपाला पिकवून मुंबईस पाठवी आणि सावकाराच्या व्याजात बुडे. सरकारने १९०४ व १९१२ साली सहकारी संस्थांचे कायदे केले. त्यांचा लाभ घेऊन मॉन्सिग्नोर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ साली वसई कॅथलिक सहकारी पतपेढी काढली. मूळ धर्मगुरूचे, पण पेढी चालविली गृहस्थांनी. तीच आज एक मोठी नागरी सहकारी बँक झाली आहे. एकमेकांचा हिशेब तपासण्याची व एकमेकांस जामीन राहण्याची जी सवय बंधुमंडळांत लागली होती, तिच्यावरच ही पेढी उभी राहिली, असे आमचे मत आहे.

मराठवाड्याकडे ख्रिस्ती धर्म आला तो या किनाऱ्यावरून नव्हे, तर गोदावरीच्या खोऱ्यातून, आणि दीडशे वर्षांच्या आतला. अहमदनगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी १८७८ साली केंदळ येथे काम सुरू केले. नागपूरकडे फ्रान्समधील सावोय प्रांताचे धर्मगुरू १८४६ पासून होते. त्यांच्यापैकी एकाने १८९२ साली निजामाच्या मुलखात औरंगाबादेजवळ घोगरगाव येथे ठाणे घातले. येथे धर्म स्वीकारणारे बहुतेक महार व मांग समाजांतील लोक होते. त्यांच्याजवळ ना वतनी बंधुमंडळ, ना देवळाच्या जमिनी, ना तांबडा झगा. दारिद्र्य मात्र होते, व आपण माणूस म्हणून गणले जावे ही तळमळ होती.

या वस्त्यांतून एक नवीन गृहस्थ निर्माण झाला. लोक त्यास ‘मास्तर’ म्हणत. धर्मगुरू महिन्यातून एखादे वेळी घोड्यावरून किंवा पायी यावयाचा. बाकीचे सर्व दिवस मास्तराचे. तो दिवसा मुलांस अक्षरे शिकवी, रात्री कंदिलाच्या उजेडात प्रार्थना चालवी, लहान मुलांस धर्माचे पाठ देई, आजाऱ्याजवळ बसे, मयताची माती करी, आणि वस्तीस आलेला सरकारी कागद वाचून दाखवी. त्याचा पगार तुटपुंजा व प्रतिष्ठा नाजूक. गावातील वरिष्ठ त्यास अस्पृश्यच समजत. तथापि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरले नव्हते, त्या घरांतून आलेला हा पहिला लेखनजीवी मनुष्य होय. आमच्या समाजसुधारणेच्या इतिहासात त्याला एखादे प्रकरण मिळावयास हवे होते. एखादी ओळही मिळालेली नाही.

वसईस १७३९ साली जे घडले त्याचीच लहान पुनरावृत्ती नगरकडे पहिल्या महायुद्धात झाली. १९१४ साली युद्ध पेटले, आणि पुढील दोन वर्षांत मुंबई इलाख्यातील बहुतेक जर्मन जेझुइट स्थानबद्ध झाले किंवा मायदेशी पाठविले गेले. पुण्याचे बिशप डेरिंग त्या वेळी युरोपात होते. त्यांस परत येता येईना. ठाणी धर्मगुरूंवाचून ओस पडली. तरी वस्त्यांतील प्रार्थना बंद पडल्या नाहीत. दोन्ही प्रसंगी गुरू नाहीसा झाला आणि गृहस्थ उभा राहिला. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

आता नांदेड व लातूर येथील धर्मग्राम कसे बनले ते पाहू. नांदेडास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास आला. लातुरास बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली पोहोचली. रेल्वे, कचेऱ्या, दवाखाने व पुढे शाळा यांच्याबरोबर नोकरीसाठी माणसे आली. नांदेड तेलंगणाच्या सीमेजवळचे, म्हणून कोणी तेलुगू. कोणी तामीळ किंवा गोव्याकडचे. कोणी केरळातून आलेल्या परिचारिका. आणि नगर, औरंगाबाद, जालना इकडून आलेली मराठी कुटुंबे. नागपूरच्या धर्मप्रांतातून १९५५ साली अमरावतीचा व अमरावतीतून १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचा बिशप मिळाला. परंतु शहरातील या मंडळींस ना एक भाषा, ना एक जात, ना एक मूळ गाव. गोव्यातील गावकर जन्माने मंडळाचा सभासद होई. येथे जन्माच्या आधारावर कोणासच काही सांगता येत नाही. म्हणून जो काम करील तो सभासद, हा साधा न्याय येथे आपोआप लागू झाला. जुन्या बंधुमंडळांचे शिस्तबद्ध अंग व मास्तरांचे निःस्पृह अंग यांचा मिलाफ होण्यास अशीच भूमी लागते.

अशा धर्मग्रामांतून जी गृहस्थमंडळे चालतात त्यांत दोन जगभर पसरलेली आहेत. संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाची सोसायटी १८३३ साली पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम व त्याचे मित्र या विद्यार्थ्यांनी काढली. त्या वेळी ओझानाम अवघा वीस वर्षांचा होता. तिची रीत अशी की, सभासदांनी ठरलेल्या दिवशी जमावे, कोणी किती दिले हे कोणास कळू नये म्हणून झाकलेली थैली फिरवावी, आणि दोघांदोघांनी मिळून गरिबांच्या घरी जावे. दुसरी ‘लीजन ऑफ मेरी’. ती १९२१ साली डब्लिन येथे फ्रँक डफ या सरकारी नोकराने सुरू केली. याशिवाय महिलामंडळ, तरुणांचे मंडळ व गायकवृंद. यांपैकी बहुतेकांचा भार स्त्रियाच वाहतात. जुन्या कोंफ्रारियात स्त्रीस अधिकारपद नसे. आज कोणत्याही लहान धर्मग्रामातून स्त्रियांचे श्रम वजा केले तर शिल्लक काय राहील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

येथे खरा वादाचा प्रश्न उपस्थित होतो. काम गृहस्थांचे, पण अधिकार कोणाचा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली गृहस्थांच्या कार्यासंबंधी स्वतंत्र जाहीरनामा काढून हे कार्य धर्मगुरूने दिलेली भीक नसून दीक्षेबरोबर आलेला हक्क आहे, असे मान्य केले. १९८३ च्या धर्मकायद्याने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे असे ठरविले. धर्मग्राम परिषदेलाही जागा दिली, पण तिचे मत केवळ सल्ल्यापुरते ठेवले. अर्थात सूज्ञ धर्मगुरू असेल तेथे परिषद जिवंत असते. हेकट असेल तेथे ती चहापानाची सभा होते. २०२३ साली रोम येथील धर्मसभेत प्रथमच चोपन्न स्त्रियांस मताधिकार मिळाला. रोमास जे मान्य झाले ते लहान गावाच्या धर्मग्रामात येण्यास किती वर्षे लागावीत?

दुसरी अडचण राज्याच्या कायद्याची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. गुरू गोविंदसिंगांच्या समाधीमुळे पवित्र झालेल्या नांदेडात हा भेद डोळ्यांसमोर दिसतो: एकाच जातीचे शीख व बौद्ध कुटुंब सवलतीस पात्र, आणि शेजारचे ख्रिस्ती कुटुंब अपात्र. यामुळे कित्येकांस देवळाच्या नोंदवहीत एक व सरकारी कागदात एक असे दुहेरी जिणे जगावे लागते. ज्याला आपले नाव उघड लिहिण्याचीच भीती, तो मंडळाचा चिटणीस कसा होणार?

मोठ्या देवळांचा इतिहास कोनशिलांवरून लिहिता येतो; लहान धर्मग्रामाचा इतिहास इतिवृत्ताच्या वह्यांत असतो. कोणी कोणाच्या आजारपणात किती रुपये नेऊन दिले, कोणत्या पावसाळ्यात छप्पर गळाले, कोणत्या सभेत कोणी विरोध नोंदविला, हे सर्व तेथे जाड अक्षरांत लिहिलेले असते. धर्मगुरू बदलला, खोली रंगविली, कपाट हलविले की या वह्या रद्दीत जातात. पुण्यामुंबईच्या सभांची दप्तरे आपण जपली, म्हणून त्यांचा इतिहास आहे. नांदेड-लातूरच्या चिटणिसांच्या वह्या जपल्या तर पन्नास वर्षांनी लिहिणाऱ्यास एवढे तरी दिसेल की, लोकशाहीची मुळाक्षरे आमच्याकडे केवळ टिळक-रानड्यांच्या सभांतच गिरविली गेली नाहीत. कंदिलाच्या उजेडात, मास्तराच्या पाटीवरही ती गिरविली जात होती.