पश्चिम खानदेशातील भोरडी : शत्रू की मित्र? एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शेतीच्या इतिहासात जमीन, महसूल व दुष्काळ यांचा विस्ताराने विचार झाला. पिकांवर उतरणाऱ्या पक्ष्यांचा मात्र अभावानेच. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या, म्हणजेच जुन्या पश्चिम खानदेशातील एका भागाच्या, कृषिजीवनाशी भोरडी ऊर्फ गुलाबी मैना निगडित आहे. या स्थलांतरित पक्ष्याविषयीची मते कोणत्या पुराव्यांवर आधारलेली आहेत, याचा येथे आढावा घेतला आहे.

शेतातील भोरडी :
जुलै-ऑगस्टपासून भोरड्या भारतात येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. तापीकाठची दादर ज्वारी दाण्यात येते तेव्हा त्यांचे थवे येथेच असतात. गोफण घेऊन राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने भोरडी म्हणजे नुकसानच होय. त्याच सुमारास सातपुड्यात पळस फुलतो. त्याचा मध पिताना हा पक्षी परागीभवनासही साहाय्य करतो.

अभ्यासाचे टप्पे :
जेम्स डेव्हिडसन यांनी १८८२ मध्ये ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. अशा याद्यांचा मुख्य हेतू पक्ष्यांची नोंद व वर्गीकरण हा होता. मेसन व लेफ्रॉय यांच्या १९१२ मधील ग्रंथाने पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासून त्यांचा शेतीशी असलेला संबंध ठरविण्याची पद्धत भारतात रुजविली. १९३२ मध्ये सालिम अली यांनी फुले व पक्षी यांच्या परस्परसंबंधांवर लेखन केले. दाणे, कीटक व मध या तिन्ही बाजू अशा रीतीने क्रमाने अभ्यासाच्या कक्षेत आल्या.

सीमेपलीकडील पुरावा :
भोरडीची वीण आग्नेय युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या प्रदेशात होते. तेथे ती पिलांना प्रामुख्याने टोळ व नाकतोडे भरविते. टोळांचा नाश करणाऱ्या पक्ष्यांचा उल्लेख रोमन लेखक प्लिनी यानेही केला असून, ते पक्षी म्हणजे भोरड्याच असाव्यात, असे मानले जाते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात १९८० च्या दशकापासून टोळनियंत्रणासाठी तिच्याकरिता मुद्दाम घरटी उभारण्यात आली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, 'शत्रू' व 'मित्र' ही दोन्ही विशेषणे वर्षाच्या एकेका भागापुरतीच खरी आहेत. दाणे जातात ते तापीकाठच्या शेतकऱ्याचे. टोळनाशाचा मोठा लाभ मिळतो तो दूरच्या कुरणांना. म्हणून भोरडीच्या उपयुक्ततेचे वर्णन करताना शेतकऱ्याची हानी नाकारणे जितके एकांगी, तितकेच केवळ हानीवरून तिला उपद्रवी ठरविणेही एकांगी होय. राखणदारांच्या व सातपुड्यातील आदिवासींच्या मौखिक साक्षी लिखित साधनांच्या जोडीला संकलित झाल्यास या इतिहासाला आवश्यक तो समतोल लाभेल.