दुखणं थांबलं तेव्हा

तुळजापूर, २०२४. नवरात्रातली सातवी माळ.

रात्री ९. बारा वर्षांचा माझा भाचा दोन घासांतच ताटावरून उठला. "मामा, बेंबीपाशी दुखतंय." आई म्हणाली, "भगर बाधली असंल." बाधतेही. दमट जागी भगरीला बुरशी धरते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली, रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईन लावावं लागलं. पण भगर बाधते ती सगळ्या पंगतीला. त्याच पातेल्यातलं आम्ही सातजण जेवलो होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रात्री ११. उलटी. अन्न बाधलं की बहुधा उलटी-जुलाब आधी सुरू होतात. अपेंडिक्समध्ये आधी दुखतं, मग उलटी होते. आईनं बेंबीभोवती हिंग लावला.

पहाटे ४. कळ आता बेंबी सोडून उजवीकडे खाली सरकलेली. पोरगा गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, पाय सरळ करीना.

सकाळी ८. पोट साफ होईल म्हणून मी एरंडेल पाजलं, दोन चमचे. चमच्याच्या कडेचं तेल बोटानं निपटून त्याच्या जिभेवर लावलं. सुजलेल्या अपेंडिक्सला रेचक देणं म्हणजे ते फुटायला हातभार लावणं.

दुपारी १. ताप. जिना उतरताना दर पायरीला तो उजवी कूस दाबून धरी. दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली.

रात्री १०. दुखणं थांबलं. एकदम. पोरगा झोपला, आईनं देवीची ओटी बोलली, मीही सुटलो म्हणून आडवा झालो. ती सुटका नव्हती. अपेंडिक्स फुटलं होतं. आतला ताण गेला म्हणून कळ गेली, आणि पू पोटभर पसरत होता.

पहाटे २. पोट फळीसारखं ताठ, ओठ सुकलेले. १०८ ला फोन. सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर, वाटेत अनवाणी निघालेले भक्त, गाडी जागोजाग हळू होत होती.

पहाटे ५. पोरगा ऑपरेशनला आत गेला. पुढं बारा दिवसांनी तो घरी आला, पोटात घातलेल्या नळीची खूण घेऊन. पण त्या पहाटे दारातच सर्जननी विचारलं, "पोटात काही दिलं होतं का?"

आई माझ्याकडं बघत होती.

"एरंडेल," मी म्हणालो.