क्रिस्टल, चिकटपट्टी, शिसपेन्सिल

आयबीएमने १९८४ साली ‘पीसी एटी’ बाजारात आणला तेव्हा त्यातला इंटेलचा ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले, म्हणजे सेकंदाला साठ लाख ठोके. हे ठोके ठरवायचा मदरबोर्डवरचा एक चिमुकला क्वार्ट्झ क्रिस्टल. तो होता १२ मेगाहर्ट्झचा आणि त्याच्या निम्मा वेग प्रोसेसरला मिळे. आयबीएमने हा क्रिस्टल सोल्डर न करता सॉकेटमध्ये नुसता खोचून ठेवला होता. हौशी मंडळींना एवढी फट पुरली. काही डॉलरचा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणायचा, जुना उपसून नवा बसवायचा, की मशीन ८ मेगाहर्ट्झवर धावू लागे. धाडसी लोक १८चा लावून ९ गाठत. घरबसल्या प्रोसेसरचा वेग वाढवण्याच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या कुळातला हा पहिला ठळक पूर्वज.

आयबीएमला हे रुचलं नाही. १९८५च्या अखेरीस आलेल्या नव्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या आज्ञावलीत, सुरुवातीलाच वेग मोजण्याची सोय आली. ठोके ठरल्यापेक्षा जलद आढळले तर मशीन चालूच होईना. आणि लगेच पुढच्या वर्षी आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला! सगळ्या कुळकथेचं सूत्र या दोन वर्षांत आलं आहे. प्रोसेसरवर छापलेला आकडा सिलिकॉनपेक्षा पुष्कळदा दुकान ठरवतं.

मुळात पहिल्या पीसीचा ४.७७ मेगाहर्ट्झ हा आकडा तरी कुठून आला? १९८१च्या त्या मशीनमधला ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झ सहज पेलणारा होता. पण अमेरिकी रंगीत टीव्हीच्या सिग्नलला लागणारी वारंवारता आणि प्रोसेसरचे ठोके एकाच क्रिस्टलमधून काढले की पैसे वाचत. १४.३१८ला चारने भागलं की टीव्हीचं काम होई, तीनने भागलं की प्रोसेसरचं. म्हणून ४.७७. त्यात संगणकशास्त्र शोधायला जाऊ नये.

कारखान्यातही तसंच. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेले प्रोसेसर तपासून वेगवेगळ्या वेगांचे म्हणून वेगळे काढतात. पण गिऱ्हाईक स्वस्त माल जास्त मागतं, आणि उत्पादन मुरत गेलं की बहुतेक प्रोसेसर वरच्या वेगाला उत्तीर्ण होऊ लागतात. मग चांगला मालही खालच्या आकड्याने विकला जातो. आडात भरपूर असूनही पोहऱ्यात मोजकंच येऊ द्यायचं, असा हा मामला. ही फट भामट्यांनीही हेरली. नव्वदच्या दशकात पेंटियमवरचा छापील वेग खरवडून तिथे चढा आकडा छापायचा धंदा जोरात होता. इंटेलने मग प्रोसेसरचा गुणक, म्हणजे बसच्या (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या वाटेच्या) वेगाला ज्या आकड्याने गुणून अंतिम वेग निघतो तो, कायमचा कुलूपबंद केला. कारण बनावट मालाचं होतं हे खरं; पण या कुलपामुळे महागडे प्रोसेसर खपायलाही हातभार लागला, हेही कुणाच्या नजरेतून सुटलं नाही.

गुणक बंद, तर बस वाढवू. इथे या कुळाचा सुवर्णकाळ सुरू होतो. २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने दोन प्रोसेसर एकदमच आणले: ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू ६६९ डॉलरला आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए १४९ डॉलरला. सेलेरॉनचा गुणक ४.५, बस ६६ची. ती १०० केली की वेग बरोबर ४५०! आधीच्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅशच (प्रोसेसरच्या हाताशी असणारी झटपट मेमरी) नव्हती, म्हणून त्याची यथेच्छ टिंगल झाली होती. या नव्याला ती होती, फक्त १२८ केबी, पण प्रोसेसरच्याच तुकड्यावर आणि त्याच्याच वेगाने धावणारी. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश वेगळ्या चिपांवर होती आणि अर्ध्या वेगाने चाले. त्यामुळे स्वस्तातला भाऊ थोरल्याच्या खांद्याला खांदा लावू लागला.

बस बदलायची कशी? सेलेरॉनच्या कार्डावर बी२१ नावाचा एक संपर्कबिंदू असे. मदरबोर्ड त्यावरून ‘हा ६६वाला’ असं ओळखी. त्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की मदरबोर्डाची फसगत होई. एबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डात तर तीही गरज नव्हती; जंपर न हलवता बायोसच्या पडद्यावरच बस आणि व्होल्टेज बदलता येई. १०० हा आकडाही सोयीचा: त्याला तीनने भागलं की पीसीआय कार्डांना हवा तो ३३ मिळे, ती बिचकत नसत.

एएमडीच्या गोटात २००० साली साधन आणखी साधं झालं. त्यांच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड प्रोसेसरांच्या माथ्यावर ‘एल१’ नावाचे इवलेसे पूल होते, ते तोडून गुणक बंद केलेला असे. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट वीजवाहक. पूल पेन्सिलीने गिरवला की कुलूप उघडलं! पुढल्या वर्षीच्या अॅथलॉन एक्सपीत लेसरने खड्डेच पाडलेले होते. तिथे लोक आधी गोंद भरून वर वीजवाहक रंग लावत.

वेग वाढवणं मात्र सोपा भाग होता. प्रत्येक ठोक्याच्या आत सिग्नल चिपमधल्या सर्वांत लांबच्या वाटेने पोहोचला पाहिजे. व्होल्टेज चढवलं तर तो लवकर पोहोचतो, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० टक्के व्होल्टेज वाढवलं तर उष्णता २१ टक्के चढते, वाढलेल्या वेगाची वेगळीच. आणि चिप तापली की सिग्नल पुन्हा मंदावतो. जानेवारीत पुण्यात निर्धास्त चालणारं मशीन मे महिन्यात नागपुरात हँग होऊ शकतं, ते यामुळे.

सिग्नल उशिरा पोहोचला की दर वेळी मशीन बंद पडतंच असं नाही. कधी नुसतं उत्तर चुकतं, गुपचूप. हे पकडायचं हत्यार गणितज्ञांच्या हौसेतून आलं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये प्रचंड मर्सेन मूळ संख्या शोधायचा सामूहिक उपक्रम सुरू केला. त्याची आज्ञावली म्हणजे प्राइम९५. अवाढव्य संख्यांचे गुणाकार ती दशांशात करते आणि उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावं लागतं. ०.४हून जास्त फरक पडला की समजायचं, यंत्र चुकतंय. एक चूक झाली की सगळी मेहनत वाया, म्हणून तिच्यात यंत्राला छळून बघायची चाचणी घातलेली होती. मूळ संख्यांशी सोयरसुतक नसलेल्या हौशींनी ती उचलली आणि रात्रभर प्राइम९५ बिनचूक चालणं ही ‘स्टेबल’ची व्याख्या होऊन बसली. माझ्या मते या कुळातला खरा कारागीर पेन्सिलवाला नव्हेच. सकाळी उठून एक चूक दिसली म्हणून वेग एक पायरी खाली आणणारा तो.

२०१० पासून इंटेलने उघडा गुणक ‘के’ अक्षर लावून जास्त पैशांना विकायला काढला. तोवर टर्बो बूस्टही आलं होतं: वाव असेल तेव्हा प्रोसेसर आपणच वेग वाढवतो. आडातलं बरंचसं आता कंपनीच उपसून देते. किती उपसावं याचा तोल तिचाही गेला. १३व्या आणि १४व्या पिढीतले इंटेलचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर घरोघर क्रॅश होऊ लागले. २०२४ मध्ये कंपनीने कबूल केलं की चढं व्होल्टेज त्यांना झिजवत होतं. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, मायक्रोकोड बदलला. मदरबोर्डवाल्यांनी बायोसमध्ये ‘इंटेल डीफॉल्ट’ नावाचा पर्याय दिला, आणि एके काळी वेग चढवायला बायोसमध्ये शिरणारे हौशी तो निवडून व्होल्टेज उतरवू लागले.