पॉवर, ऑथॉरिटी, फोर्स : इंग्रजीतील सत्तावाचक शब्दांची निवड

सत्ता, बळ आणि अधिकार या अर्थांच्या इंग्रजी शब्दांतून नेमका शब्द वेचणे. पॉवर, ऑथॉरिटी, फोर्स, स्ट्रेंग्थ, माइट, इन्फ्लुअन्स हे या गटातील नेहमीचे शब्द. स्ट्रेंग्थ आणि माइट जुन्या इंग्रजीतले. बाकीचे लॅटिन मुळाचे असून १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेने रुळले. दरबार आणि न्यायालय फ्रेंच बोलत असल्याने हुकमतीचे शब्द तिकडचे, अंगच्या बळाचे शब्द घरचे, अशी वाटणी आजही जाणवते.

खरा घोळ पॉवर आणि ऑथॉरिटी यांत होतो. पॉवर म्हणजे घडवून आणण्याची क्षमता. ती कोठून आली, याच्याशी या शब्दाला देणेघेणे नाही. ऑथॉरिटी म्हणजे हुकूम देण्याचा इतरांनी मान्य केलेला हक्क. बंदूक रोखून गल्ला लुटणाऱ्याजवळ पॉवर असते, ऑथॉरिटी नसते. उलट, सही-शिक्का हाती असूनही ज्याचे कार्यालयात कोणी ऐकत नाही, त्या साहेबाजवळ ऑथॉरिटी असते, पॉवर नसते. हा भेद रोमन काळापासूनचा आहे. सम्राट ऑगस्टसने आपल्या कार्याच्या आलेखात लिहून ठेवले, की ‘ऑक्टोरिटास’मध्ये (मान्यतेतून येणाऱ्या वजनात) आपण सर्वांच्या वर होतो, पण ‘पोटेस्टास’ (पदाची सत्ता) मात्र सहकारी पदाधिकाऱ्यांहून अधिक नव्हती. एकहाती राज्य करणाऱ्याने केलेली ही शब्दयोजना मोठी धूर्त म्हटली पाहिजे.

आधुनिक काळात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने ‘माख्ट’ आणि ‘हेरशाफ्ट’ असा भेद केला. पहिल्याला पॉवर सहज बसतो. दुसऱ्यासाठी काही अनुवादकांनी ऑथॉरिटी तर काहींनी डॉमिनेशन वापरला, आणि त्यामुळे इंग्रजीतला वेबर कधी सौम्य तर कधी कठोर वाटतो. राजकीय विचारवंत हॅना आरेन्टने ‘ऑन व्हायोलन्स’ (१९७०) या पुस्तकात हे सारे शब्द वेगळे करून पॉवर समूहाची, तर स्ट्रेंग्थ एकट्या व्यक्तीची मानली. विचार म्हणून ही मांडणी मोलाची आहे. रोजच्या इंग्रजीला मात्र ती लागू पडत नाही.

कायद्याच्या भाषेत पॉवर म्हणजे बहुधा बहाल केलेला अधिकारच. मुखत्यारपत्राला ‘पॉवर ऑफ अटर्नी’ म्हणतात ते त्यामुळेच. तेथे ऑथॉरिटी हा शब्द अधिकार चालवणाऱ्या संस्थेलाही लागतो. मराठीतले ‘प्राधिकरण’ ते हेच.

फोर्समध्ये बळाचा प्रत्यक्ष वापर येतो. कायदा ‘इन फोर्स’ असणे म्हणजे मात्र नुसते अमलात असणे. स्ट्रेंग्थ टिकाव धरणारी असते, शिवाय आस्थापनेत ती मनुष्यबळाचा आकडाही सांगते. माइट भारदस्त शब्द. लष्करी सामर्थ्याच्या वर्णनाबाहेर तो सहसा शोभत नाही. इन्फ्लुअन्स म्हणजे हुकूम न देता पडणारे वजन. भौतिकशास्त्रात मात्र सूट नाही: फोर्स न्यूटनमध्ये आणि पॉवर वॅटमध्ये मोजतात, आणि एकाच्या जागी दुसरा लिहिणे ही चूकच.

पीटर मार्क रॉजेटने आपल्या थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात (१८५२), पॉवरला कार्यकारणाच्या विभागात आणि ऑथॉरिटीला इच्छाशक्तीच्या वर्गात ठेवले. समानार्थी शब्दांची यादी एका दमात वाचणाऱ्याला हे अंतर दिसत नाही. यादीतून शब्द उचलण्यापूर्वी त्याच्यामागे येणारे शब्दयोगी अव्यय पाहावे: माणसांवर पॉवर ‘ओव्हर’, कृती करण्याची पॉवर ‘टू’, एखाद्या विषयातील जाणकार ऑथॉरिटी ‘ऑन’.

मराठी लेखकाची अडचण ‘अधिकार’ या शब्दाने वाढते. माहितीचा अधिकार म्हणजे राइट, अटकेचा अधिकार म्हणजे पॉवर, आणि ज्ञानेश्वरीवर अधिकार असलेली व्यक्ती म्हणजे ऑथॉरिटी. इंग्रजीत लिहिताना तिन्हीकडे एकच शब्द चालत नाही.