चार्ली पार्कर यांची ध्वनिमुद्रणे

चार्ल्स पार्कर ऊर्फ 'बर्ड' (२९ ऑगस्ट, १९२० – १२ मार्च, १९५५) हे अमेरिकन जॅझ संगीतकार व अल्टो सॅक्सोफोनवादक होते. १९४०च्या दशकात उदयास आलेल्या 'बीबॉप' या शैलीचे ते ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांच्यासह प्रमुख प्रवर्तक मानले जातात. व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची त्यांची कारकीर्द एप्रिल १९४१ ते डिसेंबर १९५४ अशी चौदा वर्षांहूनही कमी काळाची आहे. या काळात त्यांनी कधी मोठ्या वाद्यवृंदातील वादक, कधी इतरांच्या संचातील पाहुणे, तर कधी स्वतःच्या संचाचे प्रमुख म्हणून ध्वनिमुद्रणे केली.

पार्कर यांच्या वादनापैकी काय टिकून राहिले हे केवळ त्यांच्या इच्छेवर ठरले नाही. वादक संघटनेने पुकारलेली बंदी, ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे करार, त्यांचे आजारपण आणि हौशी ध्वनिमुद्रकांची चिकाटी या सर्वांचा त्यात वाटा आहे. त्यामुळे काही दिवसांचे वादन फसलेल्या प्रयत्नांसह उपलब्ध आहे, तर बीबॉप प्रत्यक्ष आकार घेत होते त्या काळातील फारच थोडे वादन ऐकावयास मिळते.

== जे मॅकशॅन यांचा वाद्यवृंद (१९४०–१९४२) ==

पार्कर यांचा जन्म कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला व ते शेजारच्या मिझूरी राज्यातील त्याच नावाच्या शहरात वाढले. तेथील पियानोवादक जे मॅकशॅन यांच्या वाद्यवृंदात त्यांना पहिली महत्त्वाची संधी मिळाली. १९४०च्या अखेरीस विचिटा येथील एका नभोवाणी केंद्रावर या वृंदातील वादकांचे काही ध्वनिमुद्रण झाले. ते प्रक्षेपणासाठी होते. विक्रीसाठी ते १९७०च्या दशकात, पार्कर यांच्या मृत्यूनंतर जवळपास दोन दशकांनी बाहेर आले.

३० एप्रिल, १९४१ रोजी डॅलस येथे डेक्का कंपनीसाठी झालेल्या ध्वनिमुद्रणात पार्कर प्रथमच विक्रीच्या तबकडीवर आले. त्यातील 'हूटी ब्लूज' या रचनेत त्यांचे बारा मोजण्यांचे, म्हणजे ब्लूजच्या एका आवर्तनाचे एकल वादन आहे. त्या दिवशीची सर्वाधिक खपलेली रचना मात्र 'कन्फेसिन द ब्लूज' ही होती. ती गायक वॉल्टर ब्राउन यांनी गायिली असून तीत पार्कर यांचे वादन नाही. २ जुलै, १९४२ रोजी न्यू यॉर्क येथे मुद्रित झालेल्या 'द जंपिन ब्लूज'मधील पार्कर यांच्या वादनाची सुरुवातीची स्वरपंक्ती पुढे 'ऑर्निथॉलॉजी' या प्रसिद्ध रचनेचा आरंभ ठरली.

== ध्वनिमुद्रणबंदीचा काळ (१९४२–१९४४) ==

१ ऑगस्ट, १९४२ रोजी अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी पुकारली. नभोवाणी व नाण्यावर चालणाऱ्या वादनयंत्रांमुळे वादकांचा रोजगार बुडतो, त्याची भरपाई कंपन्यांनी करावी, अशी संघटनेची मागणी होती. डेक्काने १९४३ मध्ये तडजोड केली. व्हिक्टर व कोलंबिया या मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये राजी झाल्या.

याच काळात पार्कर व गिलेस्पी हे पियानोवादक अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात एकत्र होते. तेथे पार्कर टेनर सॅक्सोफोन वाजवीत. या वृंदाची त्या काळातील एकही व्यावसायिक तबकडी नाही. १९४४ मध्ये गायक बिली एकस्टाइन यांच्या वाद्यवृंदातही पार्कर होते. परंतु त्या वृंदाच्या तबकड्यांवर ते आढळत नाहीत. या पोकळीतील महत्त्वाचा अपवाद म्हणजे फेब्रुवारी १९४३ मध्ये शिकागोतील सॅवॉय हॉटेलच्या ३०५ क्रमांकाच्या खोलीत बॉब रेडक्रॉस यांनी केलेले खासगी ध्वनिमुद्रण. त्यात पार्कर व गिलेस्पी 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' वाजविताना ऐकू येतात.

== गिलेस्पी यांच्यासह वादन व सॅवॉय कंपनी (१९४४–१९४५) ==

१५ सप्टेंबर, १९४४ रोजी गिटारवादक टिनी ग्राइम्स यांच्या पंचकासह पार्कर यांनी सॅवॉय या छोट्या कंपनीसाठी चार रचना मुद्रित केल्या. त्यांतील 'रेड क्रॉस' हे नाव वर उल्लेखिलेल्या रेडक्रॉस यांच्यावरून दिलेले आहे. २८ फेब्रुवारी व ११ मे, १९४५ रोजी गिल्ड कंपनीसाठी गिलेस्पी यांच्या नावाने झालेल्या ध्वनिमुद्रणांतून 'ग्रूव्हिन हाय', 'हॉट हाउस', 'सॉल्ट पीनट्स' व 'शॉ नफ' या रचना बाहेर आल्या. बीबॉपचे परिपक्व रूप बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते या तबकड्यांमधून.

पार्कर यांच्या स्वतःच्या नावाचे पहिले ध्वनिमुद्रण २६ नोव्हेंबर, १९४५ रोजी न्यू यॉर्क येथे सॅवॉयसाठी झाले. १९ वर्षांचे माइल्स डेव्हिस (ट्रंपेट), कर्ली रसेल (बेस) व मॅक्स रोच (ड्रम) हे त्यांचे साथीदार होते. गिलेस्पी यांनी ट्रंपेटसह पियानोचीही बाजू सांभाळली. 'बिलीज बाउन्स' व 'नाउज द टाइम' या ब्लूज रचनांखेरीज या दिवशी 'को-को' मुद्रित झाली. ती रे नोबल यांच्या 'चेरोकी' या गीताच्या स्वरसंगतीवर आधारलेली आहे. पहिल्या प्रयत्नात वादक मूळ गीताची चाल वाजवू लागताच वादन थांबविण्यात आले. अमेरिकी कायद्यानुसार चालीवर प्रताधिकार असतो, तिच्याखालील स्वरसंगतीवर नसतो. म्हणून जुन्या स्वरसंगतीवर नवी चाल रचल्यास कंपनीला मूळ संगीतकारास स्वामित्वधन द्यावे लागत नसे. बीबॉपच्या अनेक रचना अशा प्रकारे तयार झाल्या. अतिद्रुत लयीतील 'को-को' २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाली.

== डायल कंपनी व 'लव्हर मॅन' (१९४६–१९४७) ==

१९४५च्या अखेरीस पार्कर गिलेस्पी यांच्यासह लॉस एंजेलिस येथे गेले व संच परतल्यावरही तेथेच राहिले. हॉलिवूडमधील ध्वनिमुद्रिकाविक्रेते रॉस रसेल यांनी स्थापन केलेल्या डायल कंपनीसाठी २८ मार्च, १९४६ रोजी त्यांनी 'मूस द मूच', 'यार्डबर्ड सूट', 'ऑर्निथॉलॉजी' व 'अ नाइट इन ट्युनिशिया' मुद्रित केल्या. शेवटच्या रचनेच्या एका अपूर्ण प्रयत्नात साथ थांबल्यावर पार्कर यांनी घेतलेली चार मोजण्यांची झेप पुन्हा तशी साधली नाही. रसेल यांनी तेवढा तुकडा 'फेमस अल्टो ब्रेक' या नावाने स्वतंत्रपणे प्रकाशित केला.

२९ जुलै, १९४६ रोजीच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी पार्कर यांची प्रकृती मद्य व अमली पदार्थांमुळे पूर्ण ढासळली होती. 'लव्हर मॅन'मध्ये ते पियानोच्या प्रस्तावनेनंतर उशिरा प्रवेश करतात आणि स्वरवाक्ये अर्धवट सोडतात. त्याच रात्री हॉटेलातील त्यांच्या खोलीला आग लागल्यानंतर त्यांना अटक झाली. पुढील सुमारे सहा महिने ते कॅमरिलो राज्य मनोरुग्णालयात होते. रसेल यांनी ही तबकडी प्रकाशित केली, याबद्दल पार्कर यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. कलावंताच्या दुरवस्थेचे मुद्रण विक्रीस काढावे का, हा या तबकडीशी जोडला गेलेला प्रश्न आहे. काही श्रोत्यांना मात्र तीत विलक्षण उत्कटता जाणवते. पार्कर यांनी १९५१ मध्ये हेच गीत सुस्थितीत पुन्हा मुद्रित केले.

रुग्णालयातून सुटल्यावर फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी डायलसाठी पियानोवादक एरॉल गार्नर यांच्यासह 'कूल ब्लूज' व नंतर सात जणांच्या संचासह 'रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो' मुद्रित केली.

== न्यू यॉर्कमधील पंचक (१९४७–१९४८) ==

न्यू यॉर्कला परतल्यावर पार्कर यांनी माइल्स डेव्हिस, ड्यूक जॉर्डन (पियानो), टॉमी पॉटर (बेस) व मॅक्स रोच यांचे पंचक उभारले. ऑक्टोबर व नोव्हेंबर १९४७ मध्ये डायलसाठी मुद्रित झालेल्या 'एम्ब्रेसेबल यू', 'स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल' इत्यादी तबकड्या या पंचकाच्या आहेत. 'एम्ब्रेसेबल यू'मध्ये जॉर्ज गर्श्विन यांची मूळ चाल पार्कर जवळजवळ वाजवीतच नाहीत. तिच्या स्वरसंगतीवर नवी चाल उभी करतात. या रचनेचे दोन प्रयत्न उपलब्ध असून दोहोंतील एकल वादन एकमेकांहून वेगळे आहे. त्यावरून हे वादन आधी पाठ केलेले नव्हते हे स्पष्ट होते.

सॅवॉयसाठी मे १९४७ मध्ये बड पॉवेल (पियानो) यांच्यासह मुद्रित झालेली 'डोना ली' पार्कर यांच्या नावावर नोंदली गेली असली, तरी ती डेव्हिस यांनी रचल्याचे मानले जाते. ऑगस्ट १९४७ मध्ये डेव्हिस यांच्या नावाने झालेल्या ध्वनिमुद्रणात पार्कर यांनी टेनर सॅक्सोफोन वाजविला. १९४८ मध्ये वादक संघटनेची दुसरी बंदी लागू झाली. तरीही त्या वर्षीच्या सप्टेंबरात सॅवॉयसाठी 'पार्कर्स मूड' ही संथ ब्लूज रचना मुद्रित झाली. तीत डेव्हिस नाहीत. पियानोवर जॉन लुइस आहेत.

== नॉर्मन ग्रांझ यांच्यासाठी केलेली ध्वनिमुद्रणे (१९४८–१९५४) ==

यानंतर पार्कर निर्माते नॉर्मन ग्रांझ यांच्याशी करारबद्ध झाले. ही ध्वनिमुद्रणे प्रथम मर्क्युरी व क्लेफ आणि पुढे व्हर्व्ह या नावांखाली प्रकाशित झाली. ग्रांझ यांनी त्यांना वेगवेगळ्या संचांसह सादर केले. त्यात क्युबन संगीतकार माचितो यांचा वाद्यवृंद होता, तसेच तंतुवाद्यांचा ताफाही होता. ३० नोव्हेंबर, १९४९ रोजी तंतुवाद्यांसह मुद्रित झालेली 'जस्ट फ्रेंड्स' ही पार्कर यांची सर्वाधिक खपलेली तबकडी ठरली. काही समीक्षकांनी या प्रकारास बाजारू म्हटले. पार्कर यांना मात्र या साथीची हौस होती.

जून १९५० मध्ये गिलेस्पी व थेलोनियस मंक (पियानो) यांच्यासह 'ब्लूमडिडो' इत्यादी रचना मुद्रित झाल्या. जून १९५२ मधील एका ध्वनिमुद्रणात जॉनी हॉजेस, बेनी कार्टर व पार्कर हे तीन अल्टो सॅक्सोफोनवादक एकत्र आले. पार्कर यांचे अखेरचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण १० डिसेंबर, १९५४ रोजी झाले. त्यात कोल पोर्टर यांची गीते आहेत.

== मैफलींची व हौशी ध्वनिमुद्रणे ==

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच वादन मावत असे. पार्कर प्रत्यक्ष मैफलीत किती विस्ताराने वाजवीत हे त्यामुळे नभोवाणी प्रक्षेपणे व हौशी मुद्रणांवरूनच कळते. अल्टो सॅक्सोफोनवादक डीन बेनेडेट्टी यांनी १९४७–४८ मध्ये लॉस एंजेलिस व न्यू यॉर्क येथील क्लबांत पार्कर यांचे वादन तबकड्यांवर व कागदी फितीवर टिपले. साहित्याची बचत करण्यासाठी ते बहुधा इतरांचे वादन सुरू होताच यंत्र बंद करीत. हा संग्रह मोझेइक कंपनीने १९९० मध्ये प्रकाशित केला.

१५ मे, १९५३ रोजी टोरांटो येथील मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, पॉवेल, चार्ल्स मिंगस (बेस) व रोच यांची मैफल झाली. पार्कर यांनी तीत प्लास्टिकचा ग्राफ्टन सॅक्सोफोन वाजविला. मिंगस व रोच यांच्या डेब्यू कंपनीने हे मुद्रण प्रकाशित केले. ग्रांझ यांच्याशी असलेल्या करारामुळे त्यावर पार्कर यांचे नाव 'चार्ली चॅन' असे छापले गेले. मंद ऐकू येणारा बेस मिंगस यांनी नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून जोडला.

== पुनःप्रकाशन व प्रभाव ==

सॅवॉय व डायल येथील वगळलेले व अपूर्ण प्रयत्न पुढे दीर्घ तबकड्यांवर क्रमवार प्रकाशित झाले. एकाच रचनेची अनेक रूपे शेजारी ऐकता आल्याने पार्कर यांच्या स्फूर्त वादनाचा अभ्यास शक्य झाला. मॅकशॅन काळातील मुद्रणांच्या 'फर्स्ट रेकॉर्डिंग्स!' या संकलनास १९७४ चा ग्रॅमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. क्लिंट ईस्टवूड दिग्दर्शित 'बर्ड' (१९८८) या चित्रपटासाठी जुन्या मुद्रणांतून पार्कर यांचा सॅक्सोफोन वेगळा काढून त्यास नव्या वादकांची साथ जोडण्यात आली. या चित्रपटास ध्वनिसंयोजनाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.