मूत्रपिंडाचें माप आणि मूत्राशयाचा संयम



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. जेवणाखाणाविषयीं आपण घटका घटका बोलतों. परंतु रक्तांत सांचलेल्या मळाचा निचरा शरीर कसा करतें, हें विचारण्यास आपणांस संकोच वाटतो. वैद्यकाच्या इतिहासानें मात्र हा संकोच कधीं पाळला नाहीं. निरनिराळ्या देशांतील वैद्य दोन हजार वर्षें मूत्राची परीक्षा करीत आले. असें असूनहि मूत्रपिंड काम किती करतें, हें आंकड्यानें सांगतां येऊं लागलें तें विसाव्या शतकांत. एवढा विलंब कां लागला, याची हकीगत मोठी बोधप्रद आहे.

मूत्राशयांत मूत्र येतें कोठून, हा अगदीं पहिला प्रश्न. सुश्रुतसंहितेंत यासाठीं एक सुंदर दृष्टान्त योजिला आहे. मातीचा कोरा घट गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेविला म्हणजे त्याच्या अंगांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून तो जसा भरतो, तसा बस्ति, म्हणजे मूत्राशय, भरतो. निरीक्षण मार्मिक खरें. पण मूत्रपिंडाचें कार्य त्यांत आलें नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन या ग्रीक वैद्यानें जिवंत जनावरांच्या मूत्रवाहिन्या दोऱ्यानें बांधून पाहिल्या. गांठीच्या वरचा भाग तट्ट फुगला आणि खालीं मूत्राशय रिकामा राहिला. गांठ सोडतांच तो भरूं लागला. मूत्र मूत्रपिंडांतूनच येतें, हें एका दोऱ्यानें सिद्ध झालें.

पुढें मध्ययुगीन युरोपांत कांचेच्या कुपींत मूत्र धरून तें उजेडांत निरखणें हेंच वैद्याचें चिन्ह होऊन बसलें. रंगांचे तक्ते झाले. गाळ, फेंस, वास यांवरून रोग सांगण्यांत येऊं लागले. आपल्या वैद्यांनींहि प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले होते व मधुमेही माणसाच्या मूत्राला मुंग्या लागतात, हें हेरलें होतें. इंग्लंडांत टॉमस विलिस यानें १६७४ सालीं त्या मूत्राच्या गोडीची नोंद केली. लंडनच्या गायज् रुग्णालयांत रिचर्ड ब्राइट या डॉक्टरानें १८२७ सालीं एक मोठें पाऊल पुढें टाकलें. सूज आलेल्या रोग्याचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविलें, तर अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें तें गोठतें. आणि असा रोगी दगावल्यावर पाहावें, तों त्याचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळतात. सूज, मूत्रांतील अल्ब्यूमिन आणि रोगट मूत्रपिंड या तिन्ही गोष्टी त्यानें एका सूत्रांत ओंवल्या.

तथापि मूत्रपिंड बिघडलें आहे, एवढेंच त्या चमच्यानें कळे. किती बिघडलें आणि किती शिल्लक आहे, हें कळत नसे. याचें कारण असें कीं, वैद्यांची सारी दृष्टि बाहेर पडणाऱ्या मूत्रावर खिळली होती. घरांतून केर किती बाहेर गेला, एवढें पाहून घर स्वच्छ आहे कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. आंत केर किती उरला, हेंहि पाहावें लागतें. प्रेव्हो आणि द्युमा यांनीं १८२१ सालीं जनावरांचीं मूत्रपिंडें काढून टाकलीं, तेव्हां त्यांच्या रक्तांत युरिया सांचूं लागला. युरिया मूत्रपिंड तयार करीत नाहीं, तें केवळ रक्तांतून बाहेर काढतें, हें त्यावरून ठरलें. रक्ताकडे पाहण्याची वाट येथें उघडली.

दरम्यान सूक्ष्मदर्शकानें मूत्रपिंडाची अंतर्रचना दाखविली होती. इटलींतील माल्पिघी यानें १६६६ सालीं बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ पाहिले. इंग्लंडांतील बोमन यानें १८४२ सालीं त्या गुच्छांभोंवतीं असलेलें वेष्टन व त्यांतून निघणारी नलिका यांचा संबंध जुळविला. प्रत्येक मूत्रपिंडांत अशा सुमारें दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील बहुतेक सर्व परत रक्तांत शोषला जाऊन दीड लिटरच्या आसपास मूत्र उरतें. म्हणूनच मूत्र भरपूर होतें, सबब मूत्रपिंड निरोगी, हें अनुमान फसवें आहे.

आतां या गाळण्यांचें माप कसें घ्यावें? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील व्हॅन स्लाइक व त्याचे सहकारी यांनीं १९२९ सालीं यासाठीं 'क्लिअरन्स' ही कल्पना मांडली. ती समजण्यास शाळेंतील त्रैराशिक पुरे. समजा, क्रिएटिनिन नांवाचा पदार्थ रक्तद्रवाच्या दर १०० मिलिलिटरमध्यें १ मिलिग्रॅम आहे, आणि मूत्रावाटे दर मिनिटास तो १.२ मिलिग्रॅम बाहेर पडतो. १ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्यें, तर १.२ मिलिग्रॅम कितींत? उत्तर १२०. म्हणजे मिनिटास १२० मिलिलिटर रक्तद्रव जणुं पूर्णपणें धुऊन निघाला. रक्त, मूत्र आणि घड्याळ या तिघांची सांगड घालतांच दोन हजार वर्षांचें कोडें सुटलें. कोपनहेगनच्या रेबर्ग यानें १९२६ सालीं क्रिएटिनिन स्वतः घेऊन स्वतःच्याच मूत्रपिंडांचें माप काढलें होतें. १९३५ सालीं न्यूयॉर्कमध्यें शॅनन व होमर स्मिथ यांनीं इन्यूलिन हा वनस्पतींच्या कंदमुळांतील पदार्थ या कामीं वापरला. तो गाळला जातो. पण नलिका त्याला शोषीतहि नाहींत आणि त्यांत भरहि घालीत नाहींत. त्यामुळें त्याचें माप प्रमाणभूत ठरलें.

परंतु प्रत्येक रोग्याच्या शिरेंत इन्यूलिन सोडणें व्यवहारांत जमण्यासारखें नव्हतें. म्हणून स्नायूंतून रोज ठराविक प्रमाणांत तयार होणाऱ्या क्रिएटिनिनचाच आधार घेण्यांत आला. येथें एक धोका आहे. गाळण्यांची शक्ति निम्म्यावर येईपर्यंत रक्तांतील क्रिएटिनिनचा आंकडा फारसा हलत नाहीं. त्यांतून माझ्यासारख्या साठी उलटलेल्या, अंगावर मांस थोडें असलेल्या माणसाचें क्रिएटिनिन मुळांतच कमी. त्यामुळें आंकडा निर्दोष दिसतो व मूत्रपिंड आंतून झिजत असतें. यासाठीं कॅनडांतील कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनीं १९७६ सालीं वय, वजन आणि स्त्रीपुरुषभेद लक्षांत घेणारें सूत्र प्रसिद्ध केलें. त्यानंतर त्याहून सुधारलेलीं सूत्रें आलीं; अमेरिकेंत तर २०२१ सालीं वंशाचा निकष सूत्रांतून काढून टाकण्यांत आला. तरुण निरोगी माणसाचें माप मिनिटास १०० ते १२० च्या आसपास असतें. तें तीन महिने ६० च्या खालीं राहिलें, तर तो जुनाट विकार समजतात. त्याच्या जोडीला मूत्रांतील अल्ब्यूमिन आजहि तपासतात. ब्राइटचा चमचा गेला, पण त्याचा प्रश्न कायम आहे.

मूत्रपिंडें रात्रंदिवस थेंब थेंब गाळीत असतां आपणांस दर घटकेस उठावें लागत नाहीं, याचें श्रेय मूत्राशयाला. तो केवळ पिशवी आहे, अशी समजूत होती. इटलींतील मोस्सो व पेलाकानी यांनीं १८८२ सालीं मूत्राशयांतील दाब नोंदून दाखविलें कीं, नुसत्या स्पर्शानें किंवा मनाच्या क्षोभानेंहि तो आकुंचन पावतो. परीक्षेच्या दालनाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना हें प्रमेय शिकवावें लागत नाहीं! मूत्राशय भरूं लागला कीं त्याची स्नायुमय भिंत सैलावते, त्यामुळें आंतील दाब फार वाढत नाहीं. द्वाराचे स्नायु मात्र आवळलेले राहतात. साधारण दोनशें मिलिलिटर मूत्र सांचलें म्हणजे पहिली जाणीव होते. चारशें ते पांचशेंपर्यंत प्रौढ माणूस धीर धरूं शकतो. भिंत ताणली गेल्याचा निरोप पृष्ठरज्जूवाटे मेंदूकडे जातो. हा ताण ओळखण्याच्या कामीं पीझो-२ नांवाचें प्रथिन लागतें, असें २०२० सालीं दिसून आलें. त्या प्रथिनाच्या शोधाबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

निरोप पोंचल्यावर हुकूम कोण देतो? लंडनचा शस्त्रवैद्य बॅरिंग्टन यानें १९२५ सालीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, मेंदूच्या देठांतील एक लहानसा भाग नष्ट झाला, तर मूत्राशय रिकामा करण्याची शक्तीच जाते. भिंतीनें आवळावें आणि त्याच क्षणीं द्वारानें सैल व्हावें, हा मेळ तेथून साधला जातो. त्या केंद्रावर मेंदूच्या पुढच्या भागाची सत्ता चालते. तान्ह्या मुलांत ही सत्ता प्रस्थापित झालेली नसते; ती वाढीबरोबर व संवयीनें येते.

हा मेळ बिघडला तर काय होतें, हें महायुद्धांनीं शिकविलें. पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांच्या मूत्राशयाचा अभ्यास हेड व रिडॉक यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केला. त्या काळीं असे कित्येक सैनिक कण्याच्या जखमेनें न मरतां पुढें मूत्रपिंडांच्या संसर्गानें मरत. तुंबलेल्या मूत्राशयांतील दाब व संसर्ग वर चढून मूत्रपिंडांचा नाश करीत. इंग्लंडांत स्टोक मँडव्हिल येथें १९४४ पासून लुडविग गुटमन यांनीं निर्जंतुक नळीनें मूत्राशय वेळच्या वेळीं रिकामा करण्याची शिस्त घातली. १९७२ सालीं अमेरिकेंतील जॅक लॅपिडीज यांनीं दाखविलें कीं, स्वच्छ धुतलेल्या नळीनें रोग्यानें स्वतःच हें काम केलें, तरी चालतें. मूत्राशय ताणून न राहणें हेंच अधिक महत्त्वाचें. या दोन साध्या उपायांनीं असंख्य माणसें जगलीं.

मूत्रपिंडाचें काम आणि मूत्राशयाचा संयम हीं दोन प्रकरणें अशीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. शिक्षकीच्या काळांत मीं पाहिलें आहे कीं, शाळेंत नीट सोय नसल्यामुळें मुली दिवसभर पाणीच पीत नसत आणि मागितलेली दोन मिनिटांची रजा कित्येक शिक्षक नाकारीत. संयम हा गुण खरा. पण तो सक्तीनें ताणण्याचा नव्हे. त्यानें संसर्गाला वाव मिळतो.

घरांतील वडील माणसांसाठीं एवढेंच सांगतों. मूत्रपिंड हा अबोल अवयव आहे. निम्मी शक्ति गमावेपर्यंत तो बहुधा तक्रार करीत नाहीं. मूत्राचा रंग पाहून निश्चिंत होणें, हा कुपी निरखण्याचाच जुना मार्ग झाला. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनीं वर्षांतून एकदां रक्तांतील क्रिएटिनिन व मूत्रांतील अल्ब्यूमिन तपासून घ्यावें, आणि 'रिपोर्ट ठीक आहे' एवढ्यावर न थांबतां, वय हिशेबांत धरून माझ्या गाळण्यांचें माप किती आलें, असें डॉक्टरांस विचारावें. त्या एका आंकड्यामागें गेलेनचा दोरा, ब्राइटचा चमचा आणि व्हॅन स्लाइकचें त्रैराशिक उभें आहे. तो विचारण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.